पुडीचा नेम

झाशी
२ जून १९८७

चि. विद्याधर,

तुझ्या ताईचं अक्षर ओळखू येतंय का? गेली दोन-तीन वर्षं माझी पत्रं हेच लिहायचे, आणि ह्यांचं पत्र म्हणजे रेल्वे कारखान्यातला रजेचा अर्ज. कुशल आहे, ऊन आहे, कळावे. आज मी स्वतः लिहितेय. बोटं वळतात. शाळेत फळ्यावर खडूनं लिहिते, मुलींच्या वह्या तपासते, परवा तर पुरण वाटायलाही बसले.

कसं काय ते सांगते, पण आधी शपथ घे की ओरडणार नाहीस. मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत एक वैद्यजी बसतात. त्यांची पुडी रोज सकाळी मधातून घ्यायची. पहिल्या चार दिवसांतच मनगटाची सूज उतरली. मोठ्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी माझं पोट बिघडण्यापलीकडे काही झालं नव्हतं. गेल्या पावसाळ्यापासून घेतेय. तुला कळवलं नाही, कारण तू प्रश्न विचारणार आणि मला उत्तरं द्यायचं त्राण नव्हतं. शिवाय बोलले तर नजर लागेल असंही वाटायचं. हसायचं तर हस. वैद्यजींना मी विचारलं होतं, आत काय आहे? ते म्हणाले, "बिटिया, आम खाओ, पेड़ मत गिनो." मग मीही झाडं मोजली नाहीत. माझे हात बघून मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका तिकडे जायला लागल्या.

सासूबाईंच्या गुडघ्यांचंही बरं आहे. पहाटे काठी न घेता देवळात जातात. नेमधर्माची पुण्याई, असं त्या सांगतात, आणि त्या सांगतात ते या घरात खरं असतं.

थकवा मात्र जात नाही. शाळेतून आले की जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहते. हात बरे झाले आणि बाकीची मी कुठेतरी मागेच राहिले. तुझं काय चाललंय?

अंबूताईचे आशीर्वाद


पुणे
११ जून १९८७

प्रिय अंबूताई,

शपथ घेतली, म्हणून ओरडत नाही. अक्षर मात्र लगेच ओळखलं. लहानपणी याच अक्षरात तू माझ्या वह्यांवर नाव घालून द्यायचीस.

माझं विचारलंस. नऊ वर्षं मी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हार्मोन कुठे जाऊन चिकटतं ते मोजतोय. सोमवारी एक आकडा येतो, गुरुवारी दुसरा. वीज गेली की सगळं फेकायचं आणि पुन्हा कोणाकडे तरी रक्त मागायला जायचं. आमचा शिपाई मला बघितलं की सदऱ्याची बाही खाली ओढतो. चाळिशीला आलो, आणि कशासाठी हे करतो असं कोणी विचारलं तर हल्ली मी चहा मागवतो.

आता तुझी पुडी. चार दिवसांत सूज उतरवणारी जडीबुटी माझ्या ऐकण्यात नाही. मला एक संशय आहे, पण नुसत्या संशयावर बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलंय. चार पुड्या रजिस्टर पोस्टानं पाठव, इथले एक रसायनवाले मित्र तपासून देतील. आणि तीन प्रश्नांची खरी उत्तरं दे. चेहरा गोल झालाय का? जरा कुठे लागलं की कातडी काळीनिळी पडते का? घरात आणखी कोणी ही पुडी घेतं का?

आषाढी जवळ आली. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग आणि म्हणावं, दर चातुर्मासाला त्या बिचाऱ्या वांग्याला का छळता? सोडायची तर आवडती वस्तू सोडावी. यंदा अंबूताईची पुडीच सोडून द्या, पुण्य जास्त मिळेल.

तुझा
विद्याधर


झाशी
२१ जून १९८७

चि. विद्याधर,

पुड्या वेगळ्या पाकिटातून पाठवल्यात.

तुझी उत्तरं. चेहरा गोल झालाय. शाळेत सगळ्या म्हणतात, "बहनजी, अब तो चेहरा भर आया आपका." मला वाटलं, दुखणं गेलं म्हणून अंगी लागतंय. दंडावर काळे डाग पडतात, बांगडी टेकली तरी. तिसऱ्याचं उत्तर, नाही. घरात मी एकटीच घेते.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे दिवा लावल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नाही, आणि मराठी पत्र आलं की ते सगळ्यांसमोर वाचायचं ही या घरची जुनी रीत. झाशीत मराठी ऐकायला मिळतं ते तेवढंच, असं त्या म्हणतात. तुझ्या वांग्यावर ह्यांना खूप हसू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. "विद्याधर म्हणतो ते बरोबर आहे. आवडतीच वस्तू सोडायची असते," एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडे कोणी काय सोडलं ते कार्तिकीपर्यंत सांगायचं नसतं, हे तुला आठवत असेल. देवळात गुरुजींसमोर हातावर पाणी घेऊन संकल्प करायचा आणि तोंड मिटायचं. सांगितलं की फळ गेलं. मग चार महिने मी ताटात काय उरतं त्यावरून ओळखत बसते. माझं यंदा काय, ते तुलाही सांगणार नाही. पुडी नाही, एवढं समज. ती सोडली तर हात पुन्हा मुठीसारखे होतील, आणि तेवढी भक्ती माझ्यात नाही.

पावसाचं नाव नाही. नळाला पहाटे अर्धा तास पाणी येतं. मला फार थकल्यासारखं होतं रे. तू आणखी काही वाईट बातमी देणार असलास तर जरा दमानं दे.

अंबूताई


पुणे
१० जुलै १९८७

प्रिय अंबूताई,

दमानं देतो, पण एक ओळ सगळ्यात आधी: पुडी एकदम बंद करू नकोस. आता बाकीचं वाच.

काल निकाल आला. वैद्यजींच्या पुडीत स्टेरॉइड कुटून घातलंय, आणि चांगलं भरपूर. म्हणजे मी नऊ वर्षं ज्याच्या मागे लागलोय तेच हार्मोन, कारखान्यात बनवलेलं आणि कितीतरी पट कडक. मला ओळखायला महिना लागला.

पांढऱ्या पेशींचं काम घराची राखण करणं. तुझ्या अंगात त्या तुझ्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतात. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज एक हार्मोन सोडतात. प्रत्येक पांढऱ्या पेशीत रिसेप्टर असतात, म्हणजे फक्त त्या हार्मोनला धरून ठेवणाऱ्या जागा. हार्मोन तिथे चिकटलं की पेशीला हुकूम पोहोचतो, आता पुरे, शांत हो. पुडीनं हाच हुकूम मोठ्यानं दिला. म्हणून सूज उतरली. वैद्यजी खोटारडे आहेत, पण औषध खोटं नव्हतं.

वाईट भाग हा. हे सारखं बाहेरून मिळालं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, डोळ्यात मोतीबिंदू धरतो. आणि त्या दोन ग्रंथी काम सोडून देतात. मोहल्ल्यात रोज टँकर यायला लागला की घरच्या विहिरीचा गाळ कोणी काढत नाही, तसं. टँकर एका दिवसात बंद केलास तर विहिरीत पाणी नसणार. अशक्तपणा येतो, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. माणूस दगावतंसुद्धा.

म्हणून सदर बाजारातल्या चांगल्या डॉक्टरांकडे जा, हे पत्र दाखव. ते मोजून गोळी देतील आणि दर दोन-तीन आठवड्यांनी कणाकणानं कमी करतील. वर्ष लागेल. सांधे दुखतील, ते सोसावं लागेल. थट्टेचा दिवस नाही, म्हणून इथेच थांबतो.

विद्याधर


झाशी
२० जुलै १९८७

चि. विद्याधर,

ह्यांच्याबरोबर ऑटोनं सदर बाजारला गेले. डॉक्टरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं, म्हणाले, "आपके भाई ने ठीक लिखा है." गोळी सुरू झाली. आज चौथा दिवस. पुडीपेक्षा जोर कमी आहे, मनगटं फुगलीत. हे पत्र दोन बैठकांत लिहितेय.

मोहल्ल्यात अजून बोलले नाही. ज्या तोंडानं पाठवलं त्याच तोंडानं काय सांगू, ते सुचत नाही.

सासूबाईंचं जेवण तुटलंय. चार दिवस मळमळ, उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते म्हणतात. देवळात जाणं थांबलं. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाल्या, एकादशीचा उपास बाधला, त्यात हे ऊन. तुझं पत्र त्यांनाही वाचून दाखवलं, सगळं. टँकरचं त्यांना पटलं. मग विचारलं, "म्हणजे तू सोडणार नाहीस ना एकदम?" मी म्हटलं, नाही, हळूहळू. "बरं. तू डॉक्टर सांगतील तसंच कर," म्हणाल्या आणि कूस बदलली.

मला कोणीतरी दोन दिवस नुसतं झोपू द्यावं, एवढंच मागणं आहे.

अंबूताई


पुणे
२७ जुलै १९८७

अंबूताई,

कार्डच टाकतो, लवकर पोचेल. सासूबाईंना मीठ-साखरेचं पाणी देत राहा, उपास बंद करायला लाव, आणि त्यांचं न ऐकता डॉक्टरांना घरी बोलाव. या वयात उन्हाची उलटीही जिवावर बेतू शकते. तू गोळी चुकवू नकोस.

माझ्या प्रयोगाचा आकडा पुन्हा चुकला. असो.

विद्याधर


झाशी
१२ ऑगस्ट १९८७

विद्याधर,

सासूबाई गेल्या. २६ जुलैला, पहाटे. तुझं कार्ड आलं तेव्हा आम्ही सुतकात होतो. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि आज लिहायला बसले. हे पत्र मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं होतं. सासूबाई वर्षभर पुडी घेत होत्या. मीच सुरू करून दिली. मला बरं वाटलं, त्यांना का वाटू नये, म्हणून. त्यांनी बजावलं होतं, मी पुडी घेते ही गोष्ट पुण्याला जाता कामा नये. देवळात त्या सगळ्यांना पुण्याई म्हणून सांगायच्या, मग पुडीचं नाव कसं निघणार? मी म्हटलं, म्हातारीचा मान आहे, राहू दे. तुझा निकाल आल्यावर त्यांनाही डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर "आधी तुझं मार्गी लाव" म्हणाल्या. मीही मग ओढून धरलं नाही. खरं सांगायचं तर मला माझंच निभत नव्हतं.

रोज सकाळी मधाची वाटी आणि पुडी मी त्यांच्या हातात देत होते. घेताना पाहिलं नाही. सुनेनं सासूच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं नसतं.

२४ तारखेला त्या न्हाणीत पडल्या. दवाखान्यात सलाईन लावली, पण रक्तदाब वर येईना. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषध चालू होतं का? मी नाही म्हटलं. मला वाटत होतं त्या पुडी घेतायत, आणि तिच्यात काय आहे ते कळल्यावरही ती मीच देतेय. ते तिथे, ह्यांच्यासमोर, माझ्यानं बोलवलं नाही. डॉक्टरांनी कागदावर वय, उपास आणि ऊन लिहिलं.

तेराव्यानंतर त्यांची पेटी उघडली. देवाच्या जुन्या वस्त्रात बांधलेल्या पुड्या निघाल्या. सतरा. आषाढीपासून दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. मी गुरुजींकडे गेले. माणूस गेल्यावर संकल्प सांगायला हरकत नाही, म्हणाले. "हे औषध मी सोडते, माझ्या सुनेच्या हातांना कायमचा आराम पडू दे." असा होता.

मला एका शब्दात सांग. पुडी सुटल्यामुळे त्या गेल्या का? हो की नाही. धीर देऊ नकोस. धीर देणारे तेरा दिवस घरात होते, मला त्यांचा वीट आलाय.

गुरुजींकडून आल्यापासून तीन दिवस मी गोळी घेतलेली नाही. हातात धरते आणि परत ठेवते.

अंबिका


तार
पुणे, १७ ऑगस्ट

गोळी आत्ता घे. डॉक्टरांना आजच भेट. पत्र निघालं आहे. विद्याधर


पुणे
१७ ऑगस्ट १९८७

अंबूताई,

हो.

तपासलं नाही, त्यामुळे शंभर टक्के कोणीच सांगणार नाही. पण तू विचारलंस ते मला विचारलंस, आणि माझं उत्तर हो आहे. मळमळ, डोळ्यापुढची अंधारी, न चढणारा रक्तदाब, सगळं तेच. एका इंजेक्शनानं कदाचित वाचल्या असत्या. त्यासाठी डॉक्टरांना पुडी माहीत असायला हवी होती. तू सांगितलं नाहीस. हे मी गाळलं असतं, तर पुढे माझं एकही पत्र तू खरं मानलं नसतंस.

आता माझं ऐक. त्यांना पुडी सोडायला मी सांगितलं. आवडती वस्तू सोडा, पुण्य जास्त मिळेल, ही ओळ माझी आहे. मला तेव्हा संशय होता, एकदम सोडण्यात धोका असतो हे झोपेतही सांगितलं असतं, आणि तरी मी वाक्य गमतीदार झालं म्हणून ठेवलं. संशयावर बोलायचं नाही म्हणे. थट्टा मात्र करायची. आज तुझं पत्र प्रयोगशाळेत वाचलं, तार केली आणि घरी आलो. तिथे माझ्यावाचून काही अडत नाही, ही वेगळी गोष्ट.

दहा जुलैच्या पत्रातली पहिली ओळ त्यांनी ऐकली तेव्हा त्यांना सगळं कळलं असणार. त्या तशाच राहिल्या, कारण देवाला शब्द दिला होता.

माझ्यावर राग धर, पत्रव्यवहार बंद कर. पण गोळी घे. तू एकदम सोडलीस तर तुझंही तसंच होईल, आणि त्यांनी मागितलं ते हे नव्हतं. तुझ्या हातांची हमी मी देत नाही. हात दुखतील. तू जगायला हवीस, एवढंच मला माहीत आहे.

विद्याधर


झाशी
४ सप्टेंबर १९८७

चि. विद्याधर,

तार मिळाली त्याच दुपारी गोळी घेतली. तोवर आठ दिवस झाले होते आणि जिन्याला धरून उभी होते. डॉक्टर खूप बोलले. बोलू दिलं.

रागावलेय तुझ्यावर. दोन दिवस तुझं पत्र चुलीत घालावंसं वाटलं. मग वाटलं, ती ओळ मोठ्यानं वाचली मीच, आणि दवाखान्यात गप्प राहिले तीही मीच. कोणाचा दोष किती, हे तोलत बसायचं मला त्राण नाही. तूही बसू नकोस. ह्यांना सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी गोळीशेजारी पाण्याचा पेला ठेवून कामावर गेले. तेव्हापासून रोज ठेवतात.

मग मी मोहल्ल्यात निघाले. माझ्या शब्दावर पुडी घेणाऱ्या बायका अकरा निघाल्या. घरोघर बसून सांगितलं, सासूबाईंचंही, काही न लपवता. एकीनं मला दारातून घालवलं. एकीनं चहा दिला. आमच्या शाळेतल्या पुष्पाकडे काही जणी जमल्या होत्या. पुष्पा पटकन म्हणाली, "तो बहनजी, आज से ही बंद." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी तिथेच ओरडले, बंद नाही, बंद करायची नाही. मलाच वेड लागलंय अशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आधी घ्या म्हणाली, मग विष आहे म्हणाली, आता घेत राहा म्हणते. त्यांचं काय चुकलं?

डॉक्टरांनी गुरुवारी सगळ्यांना बोलावलंय. पण त्यानंतर वर्षभर त्यांच्या हातात कागद हवा. दहा जुलैला तू मला लिहिलंस ते चार ओळीत लिही. हिंदीत लिही, तू इथल्याच शाळेत शिकलास. एकदम बंद करू नका, ही ओळ सगळ्यात वर. अकरा प्रती कर आणि परतीच्या टपालानं पाठव. माझ्या बोटांनी अकरा होणार नाहीत, हेच पत्र आज तिसऱ्या दिवशी पुरं होतंय.

अक्षर मोठं काढ. अकरांतल्या सात जणींना आता जवळचं नीट दिसत नाही.

अंबूताई